एक्स्चेंज सेमिस्टर: परदेशात शिकायचं, फी मात्र आपल्याच युनिव्हर्सिटीत भरायची, हे गणित नेमकं काय आहे?

डिसेंबर २०२५ मध्ये बातमी आली की ब्रिटन २०२७ पासून पुन्हा इरॅस्मसमध्ये शिरणार, ब्रेक्झिटच्या वेळी बाहेर पडलं होतं ते परत आत. बातमी वाचून बऱ्याच जणांचा पहिला प्रश्न, हे इरॅस्मस म्हणजे काय प्रकरण आहे, स्कॉलरशिप आहे का, कोर्स आहे का, की सरकारी खर्चाने फिरायला जाणं आहे? आणि मग त्याच्याच मागून येणारा जुना प्रश्न, कॉलेजमधली काही पोरं चार-पाच महिने परदेशातल्या युनिव्हर्सिटीत "एक्स्चेंज"ला जातात, तिथली फी भरत नाहीत, तिथून डिग्रीही आणत नाहीत, मग जातात कशाला आणि हे परवडतं कोणाला?

मी स्वतः असं एक सेमिस्टर करून आलोय आणि त्यात एक चांगला मार पण खाल्लाय (तो शेवटी सांगतो). त्यामुळे माझं मत आधीच सांगून टाकतो. एक्स्चेंज हा प्रवास वगैरे नंतर, आधी तो हिशोब आहे, दोन युनिव्हर्सिट्यांच्या वह्यांमधला. तो हिशोब जाण्याआधी ज्याला कळला त्याचं सेमिस्टर सार्थकी लागतं, ज्याला नाही कळला त्याचं बऱ्याचदा गाढवही जातं आणि ब्रह्मचर्यही.

फी लागत नाही म्हणजे काय, फुकट आहे का?

फुकट नाही. समजा दोन वेगळ्या शहरातल्या दोन कुटुंबांनी ठरवलं की चार महिने एकमेकांच्या घरात राहायचं. तुम्ही तुमच्या घराचा हप्ता भरत राहता, ते त्यांच्या घराचा, फक्त झोपायला एकमेकांकडे. भाडं कोणीच कोणाला देत नाही. पण किराणा, बस, फोनचं बिल ज्याचं त्याने बघायचं.

एक्स्चेंज तंतोतंत हेच आहे. तुमच्या युनिव्हर्सिटीचा तिकडच्या एखाद्या युनिव्हर्सिटीशी करार असतो, की आमचे दोन विद्यार्थी तुमच्याकडे, तुमचे दोन आमच्याकडे, ट्युशन फी ज्याने त्याने आपापल्या घरी भरायची. पाठवणारी ती होम युनिव्हर्सिटी, ठेवून घेणारी ती होस्ट. हे दोन शब्द लक्षात ठेवा, पुढे सारखे लागतील. तुमची होम युनिव्हर्सिटी स्वस्त असेल आणि होस्ट प्रचंड महाग, तरी तुम्ही स्वस्तवालीच फी भरता, हा यातला खरा फायदा. आणि उलटं असेल तर, म्हणजे तुमची महाग आणि तिकडची जवळजवळ फुकट, तर तुम्ही महागच भरत राहता. काही लोक यावर चिडतात, पण घराच्या अदलाबदलीत समोरच्याचं घर छोटं निघालं म्हणून आपला हप्ता कमी होत नाही, तसंच आहे ते.

यातूनच पुढची गोष्ट कळते, जागा इतक्या कमी का असतात. अदलाबदल आहे ना, मग तिकडून जितके येतील तितकेच इकडून जाणार, निदान दोन-तीन वर्षांच्या सरासरीत तरी. तिकडच्यांना तुमच्याकडे यावंसं वाटलं नाही तर तुमच्या जागा आटतात, यात तुमच्या मार्कांचा काही दोष नसतो. ब्रिटनचं जे झालं त्यातही हा मुद्दा होताच. तिकडून बाहेर जाणाऱ्यांपेक्षा तिकडे येणारे बरेच जास्त होते, कारण इंग्रजीत शिकायला सगळ्यांनाच यायचं असतं आणि इंग्रजांना दुसऱ्या भाषेत शिकायला जायचं नसतं, त्यामुळे हा सौदा आपल्याला महाग पडतो असं सरकार म्हणालं आणि २०२१ मध्ये ट्युरिंग स्कीम नावाची स्वतःची वेगळी योजना काढली, जी आपल्या विद्यार्थ्यांना बाहेर पाठवायला पैसे देते पण येणाऱ्यांना देत नाही. आता परत येतायत.

मग इरॅस्मस कुठे बसतं यात?

इरॅस्मस म्हणजे अशा हजारो अदलाबदलींवरची युरोपियन युनियनची मोठी छत्री. नियम एकसारखे, फॉर्म एकसारखे, आणि वर राहण्याच्या खर्चाला थोडी ग्रँट. १९८७ मध्ये सुरू झालं तेव्हा ११ देश आणि पहिल्या वर्षी ३,२४४ विद्यार्थी, आता एकूण आकडा कोटीच्या कधीच पुढे गेलाय. (इरॅस्मस मुंडुस वेगळं बरं का, ती पूर्ण मास्टर्स डिग्री असते. नावाच्या या गोंधळात दरवर्षी लोक चुकीच्या फॉर्मवर रात्री घालवतात.)

याची सुरुवात कुठून झाली ते मात्र सांगायलाच हवं, कारण सगळ्या विषयाचं मर्म त्यात आहे. सोफिया कोराडी नावाची रोममधली कायद्याची विद्यार्थिनी. १९५० च्या दशकाच्या शेवटी ती अमेरिकी सरकारच्या फुलब्राइट स्कॉलरशिपवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया युनिव्हर्सिटीत गेली, तिथे मास्टर्स केलं आणि खुशीत परत आली. रोमच्या युनिव्हर्सिटीत तो अभ्यास धरा म्हणाली तर ऑफिसने उडवून लावलं, वर चारचौघात अपमान केला तो वेगळाच. म्हणजे शिकली खरं, पण वहीत नोंद नाही, म्हणून शिकलीच नाही! त्या बाईंनी पुढची जवळजवळ वीस वर्षं याच एका गोष्टीमागे लागून इटलीतल्या कुलगुरूंना आणि मंत्र्यांना भंडावून सोडलं, की बाहेर जाऊन केलेला अभ्यास घरी मोजला गेलाच पाहिजे. त्यातून पुढे इरॅस्मस उभं राहिलं, त्यांना लोक "मामा इरॅस्मस" म्हणायचे, इटालियनमध्ये मामा म्हणजे आई. २०२५ मध्ये त्या गेल्या.

तर लक्षात घ्या, इतका मोठा कार्यक्रम जन्माला आला तो विमानाच्या तिकिटासाठी नाही, क्रेडिट न धरल्याच्या रागातून.

क्रेडिट म्हणजे काय एकदा सांगाच

क्रेडिट म्हणजे अभ्यासाचं चलन. किती तासांची मेहनत त्यावर ते मोजतात, मार्क कितीही पडोत. युरोपातल्या क्रेडिटला ईसीटीएस म्हणतात. पूर्ण वर्षाचे ६०, सेमिस्टरचे ३०, आणि एक क्रेडिट म्हणजे साधारण २५ ते ३० तास काम, ज्यात लेक्चर, घरचं वाचन, असाइनमेंट, परीक्षेची तयारी सगळं आलं. म्हणजे ६ क्रेडिटचा कोर्स म्हणजे दीडशे ते एकशे ऐंशी तास. आठवड्याला दोनच लेक्चर दिसतायत म्हणून पोरं खूश होतात आणि मग महिन्याभराने वाचायची यादी बघून पांढरी पडतात, कारण बाकीचे तास कोणी शिकवायचे नसतात, आपणच घालवायचे असतात.

आता जसे रुपये, डॉलर, युरो वेगवेगळे तसे क्रेडिटही. अमेरिकेत सेमिस्टरला साधारण १५ क्रेडिट घेतात, ब्रिटनमध्ये वर्षाचे १२० म्हणजे अर्ध्या वर्षाचे ६०, आशिया-पॅसिफिक देशांच्या युमॅप नावाच्या गटाचं वेगळंच, तिथे एक क्रेडिट ३८ ते ४८ तासांचं. त्यामुळे मोठा आकडा म्हणजे मोठा कोर्स असं अजिबात नाही. युरोपचे ३०, अमेरिकेचे १५ आणि ब्रिटनचे ६० हे ढोबळमानाने एकच सेमिस्टर. तुमची युनिव्हर्सिटी कोणत्या दराने बदलून देते ते तिच्या नियमात लिहिलेलं असतं, ते जाण्याआधी वाचायचं, आल्यावर नाही.

सगळं घोडं अडतं ते एका कागदावर

प्रोसेस वरवर सरळ आहे. आधी तुमची स्वतःची युनिव्हर्सिटी निवड करते, मग ती तुमचं नाव होस्टला कळवते, त्याला नॉमिनेशन म्हणतात, आणि त्यानंतर होस्टचा स्वतःचा फॉर्म भरायचा. इथे लोक गाफील राहतात, नॉमिनेशन झालं म्हणजे ॲडमिशन झाली असं समजतात आणि दुसऱ्या फॉर्मची तारीख हुकते.

पण खरा जीव अडकलेला असतो लर्निंग ॲग्रीमेंटमध्ये. हा एक फॉर्म, ज्यावर तिकडे घेणार ते कोर्स आणि त्याबदल्यात इकडे माफ होणारे कोर्स समोरासमोर लिहिलेले, आणि खाली तीन सह्या, तुमची, होमची, होस्टची. तिन्ही सह्या झाल्या की होमला नंतर "हा कोर्स आम्ही धरत नाही" म्हणायला फारशी जागा राहत नाही. कोराडीबाईंकडे नेमका हाच कागद नव्हता.

आता गंमत अशी की हा फॉर्म भरताना तिकडचं नवीन टाइमटेबल बहुतेक वेळा आलेलंच नसतं, मागच्या वर्षीच्या यादीवरून भरायचा. तिकडे पोचल्यावर कळतं की एक कोर्स या सेमिस्टरला नाहीच, दुसरा फक्त मास्टर्सवाल्यांना, आणि उरलेले दोन मंगळवारी एकाच वेळेला. हे इतकं नेहमीचं आहे की फॉर्ममध्ये बदलांसाठी वेगळा भागच असतो, इरॅस्मसमध्ये सेमिस्टर सुरू झाल्यापासून पाच आठवड्यांत बदल करून घ्यायचे असतात. म्हणून जाताना चार कोर्स हवे असतील तर सात-आठांची नावं होमकडून आधीच तपासून घ्यावीत. प्राध्यापक वैतागतात, वैतागू देत.

मार्क कमी होतील त्याचं काय?

ही भीती खरी आहे आणि यावर गोड बोलण्यात अर्थ नाही. फ्रान्समध्ये २० पैकी मार्क देतात, १० ला पास, आणि १६ म्हणजे "अतिउत्तम" शेरा. १२ मिळाले तरी तिकडे बऱ्यापैकी चांगला समजतात. पण तुमच्या ऑफिसने सरळ त्रैराशिक मांडलं तर १२ चे झाले ६० टक्के, आणि तुमचा चेहरा पडला. जर्मनीत सगळं उलटं, १ म्हणजे सगळ्यात भारी आणि ४ म्हणजे जेमतेम पास. डेन्मार्कची पट्टी तर उणे ३ पासून १२ पर्यंत, मधले बरेच आकडे गायब, तिथे टक्केवारी काढायला बसणारा वेडाच होईल.

म्हणून शहाण्या युनिव्हर्सिट्या सूत्र वापरतात. जर्मन लोकांचं एक प्रसिद्ध आहे, सुधारित बव्हेरियन सूत्र म्हणतात त्याला. सर्वात जास्त शक्य मार्कांतून तुमचे मार्क वजा करा, त्याला सर्वात जास्त वजा पासिंग याने भागा, तीनने गुणा, एक मिळवा. शंभरपैकी ७० मिळाले आणि पासिंग ४० असेल तर, ३० भागिले ६० म्हणजे अर्धा, गुणिले तीन दीड, अधिक एक, अडीच. जर्मन पट्टीवर अडीच म्हणजे "चांगला". बघा, यात पासिंग किती आहे तेही धरलंय, नुसतं त्रैराशिक ते धरत नाही. काही ठिकाणी तर मार्क आणतच नाहीत, नुसतं पास म्हणून क्रेडिट जमा, सरासरीला हात लागत नाही. माझं विचाराल तर सहा महिन्यांसाठी हीच पद्धत सगळ्यात बरी, माणूस अवघड विषय घ्यायला घाबरत नाही. तुमच्याकडे कोणती आहे ते विचारा आणि उत्तर ईमेलवर घ्या, तोंडी नको.

"वर्ष वाया जाईल" असं घरचे म्हणतात

क्रेडिट धरले गेले तर जात नाही. पण कॅलेंडरमुळे जाऊ शकतं, आणि हे कोणी सांगत नाही. जर्मनीतलं हिवाळी सेमिस्टर ऑक्टोबरला सुरू होतं आणि परीक्षा फेब्रुवारीपर्यंत चालतात, जपानचं शैक्षणिक वर्ष एप्रिलला सुरू, ऑस्ट्रेलियात सेमिस्टर फेब्रुवारी-मार्चला आणि जुलैच्या आसपास. तुमच्याकडे जानेवारीत पुढचं सेमिस्टर सुरू होत असेल आणि तुम्ही फेब्रुवारीच्या शेवटापर्यंत तिकडे पेपर देत बसलात, तर एका सेमिस्टरसाठी दीड सेमिस्टर गेलं. देश आवडला म्हणून निवडू नका, आधी दोन्हीकडच्या तारखा शेजारी ठेवून बघा.

फी नाही तरी हे पैसेवाल्यांचंच काम ना?

बऱ्याच अंशी हो, खोटं कशाला बोला. राहणं, खाणं, विमा, व्हिसा, प्रवास सगळं आपलं. शेंगेन देशांत (म्हणजे एकच व्हिसा चालणारे युरोपातले बरेचसे देश) व्हिसा-फ्री किंवा टुरिस्ट म्हणून १८० दिवसांत ९० च दिवस राहता येतं, सेमिस्टर त्यापेक्षा मोठं, म्हणून लांब मुदतीचा व्हिसा किंवा परमिट लागतो आणि त्यासाठी पैसे दाखवावे लागतात. जर्मनीत युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना साधारणपणे ब्लॉक्ड अकाउंट उघडावं लागतं, त्याचा हिशोब सप्टेंबर २०२४ पासून महिन्याला ९९२ युरो. पैसे तुमचेच, पण तिकडे गेल्यावर दर महिन्याला तेवढेच सुटतात, गुल्लक फोडता येत नाही. अमेरिकेत एक्स्चेंजवाल्यांना जे-१ व्हिसा, आणि त्यात आरोग्य विम्याची किमान अट असते, प्रत्येक आजार किंवा अपघाताला एक लाख डॉलरचं संरक्षण. विमा म्हणून कुठलाही स्वस्तातला कागद घेऊन गेलात तर तो चालेलच असं नाही.

ग्रँट मिळाली तरी ती बहुतेक हप्त्यांत येते, शेवटचा तुकडा सगळे कागद दिल्यावर, म्हणजे खर्च आधी आणि पैसे मागाहून. आणि एक छुपा खर्च, आपली इथली खोली सोडायची की रिकाम्या खोलीचं भाडं भरत राहायचं? ज्यांना घरून पाच-सहा महिन्यांचा खर्च आगाऊ उचलता येत नाही त्यांना ही योजना कागदावर खुली आणि प्रत्यक्षात बंद असते, त्यांच्यासाठी ग्रँटचा पहिला हप्ता निघण्याआधी मिळणं हीच खरी सुधारणा ठरेल असं मला वाटतं.

भाषा येत नाही, चार महिन्यांत काय होणार?

कोर्स इंग्रजीत मिळतात, उत्तर युरोपात आणि नेदरलँड्समध्ये तर भरपूर, पण वेबसाइटवर दिसणारे इंग्रजी कोर्स बऱ्याचदा मास्टर्सचे असतात आणि तुम्ही असता पदवीच्या दुसऱ्या वर्षाला, ते तपासा. बाकी पाण्यात पडलं की पोहता येतं हे इथे अर्धंच खरं, कारण एक्स्चेंजची पोरं एकमेकांतच राहतात, सगळ्यांचं मोडकंतोडकं इंग्रजी छान चालतं आणि स्थानिक भाषेत "दरवाजा ढकला" आणि "ओढा" यापलीकडे काही येत नाही.

उपयोग काय, यावर युरोपियन कमिशनचा २०१४ चा एक मोठा अभ्यास सगळे तोंडावर फेकतात. पदवीनंतर पाच वर्षांनी बाहेर जाऊन आलेल्यांमध्ये बेरोजगारीचं प्रमाण २३ टक्क्यांनी कमी होतं. (त्याच अभ्यासात २७ टक्के लोकांना जोडीदार तिकडेच भेटला आणि १९८७ पासून दहा लाख इरॅस्मस बाळं जन्मली असा अंदाज होता, पेपरांनी अर्थातच तेच छापलं.) पण २३ टक्क्यांवर उडी मारू नका. जाणारी पोरं मुळातच जरा धडपडी, भाषा येणारी, घरी पैसा असलेली असतात, त्यांना तशीही नोकरी लवकर लागली असती. सेमिस्टरचा वाटा किती आणि मुळातल्या परिस्थितीचा किती, हे एका आकड्यातून सुटत नाही.

एकटं पडायला होतं का?

याचं उत्तर जुन्या संशोधनात मजेदार सापडतं. १९५५ मध्ये स्व्हेरे लिसगार्ड या नॉर्वेच्या समाजशास्त्रज्ञाने अमेरिकेत राहून आलेल्या दोनशे नॉर्वेजियन फुलब्राइटवाल्यांचा अभ्यास केला. सहा महिन्यांपेक्षा कमी राहिलेले खुशीत, सहा ते अठरा महिने राहिलेले सगळ्यात त्रासलेले, आणि अठराच्या पुढे परत रुळलेले. इंग्रजी यू अक्षरासारखा आलेख. पुढच्या अभ्यासांत हा आलेख दरवेळी इतका सुबक निघाला नाही हे खरं, पण एक गोष्ट विचार करण्यासारखी आहे, आपलं सेमिस्टर पाच महिन्यांचं, म्हणजे खड्डा यायच्या आत आपण विमानात. म्हणूनच परत आलेला प्रत्येकजण "तो देश म्हणजे स्वर्ग" सांगत सुटतो, तिथे घरभाडं, कर आणि टोमणे सहन करत तो दोन वर्षं राहिलेलाच नसतो. उलट त्रास परत आल्यावर होतो, तुमच्याकडे सांगायला शंभर गोष्टी आणि मित्रांना तिसऱ्या गोष्टीलाच जांभई. संशोधकांनी त्यासाठी १९६३ मध्ये त्या यू ला आणखी एक यू जोडून डब्ल्यू केला.

करारच नसेल तर?

तर स्वतःच्या खर्चाने व्हिजिटिंग विद्यार्थी म्हणून जाता येतं, युरोपात फ्रीमूव्हर म्हणतात. जागांची मारामारी कमी, पण अदलाबदल नसल्यामुळे होस्टची फी तुमच्यावर, आणि लर्निंग ॲग्रीमेंटसारखा कागद तुम्हीच होमकडून लिहून घ्यायचा.

आणि माझा मार

माझ्या फॉर्मवरचा एक कोर्स तिकडे रद्द झाला, मी त्याऐवजी जवळपास त्याच नावाचा दुसरा घेतला, तिकडच्या समन्वयकांनी मान डोलावली, इकडे ईमेल टाकला, कोणी "हो" म्हणालं नाही आणि मीही सही मागितली नाही, म्हटलं इतका सारखा विषय आहे कोण अडवणार. परत आलो. मार्कशीट, म्हणजे ट्रान्सक्रिप्ट, दीड महिन्याने आली. समिती म्हणाली या कोर्सचा सिलॅबस दाखवा. वेबसाइटवर शोधला तर तिकडे नवीन वर्षाची पानं चढली होती, जुनं पान गायब, प्राध्यापक सुट्टीवर. पाच क्रेडिट गेले. पुढच्या वर्षी मी तोच विषय इथे परत दिला, पहिल्या बाकावर बसून, आणि सर जे शिकवत होते त्यातलं निम्मं मला पाठ होतं.

ज्या दिवशी कोर्सला नाव घालाल त्याच दिवशी सिलॅबसचं पान डाउनलोड करून ठेवा.